मैदानावरील तेरा असामींची हकिकत

श्रीगणेश, ग्रामदेवता आणि मैदानाचे चारी कोपरे यांस दंडवत घालोन, आणि ज्याचे पाठीशी कोणी उभे राहिले नाही त्याची क्षमा मागोन, लेखकु लिहितो ऐसीजे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, माघ वद्य तृतीया, मंदवासर, ते दिवशी आमचे नगरी जे वर्तमान जाहले ते पाहिल्याप्रमाणे लिहिले आहे. पदरचे घातले असेल तर ते चवीपुरते.

नगरात रग्बी नामे लंबगोल चेंडूचे खेळाचे मंडळ होते. तेरा असामी एके बाजूस, तेरा दुसरे बाजूस, आणि नियम ऐसा की चेंडू हाती घेऊन पुढे पळावे, परंतु दुसऱ्यास देणे तर मागेच द्यावा, पुढे फेकिल्यास गुन्हा. म्हणोन जो पुढे धावतो त्याचे मागे कोणी असावेच लागते. या मंडळाने नऊ वर्षांत एकही सामना जिंकिला नाही, हे खरे, लपवावे कशास? परंतु नगरात जड वस्तू कोणाची अडली तर लोक म्हणत, "मैदानावर सांगा." आणि मैदानावर हाक आली की जो जवळ असेल त्याने विचारीत न बसता निघावे, ऐसा परिपाठ पडला होता. गॅसची टाकी माडीवर नेणे, लग्नाचा मांडव उभा करणे, आजारी माणूस खुर्चीत घालोन दवाखान्यात पोचविणे, ही कामे मंडळाने केली, आणि मग ज्याचे काम केले त्यास मैदानावर आणोन चहा पाजावा, आणि मंडळाचे दप्तरदार त्रिंबकपंत यांनी त्याचे नाव वहीत लिहावे. वहीत रकाना एकच होता, तो खेळाडूंचा. पंत त्याच रकान्यात लिहीत. याजवरोन एक वेळ परगावचे सामन्यात पंचाने यादी हाती घेऊन "भागीरथीबाई गुरव" ऐसी हाक मारिली आणि सारे मैदान पोट धरोन हसले. मंडळाचे नायक हैबती सुतार लाजेने लाल जाहले आणि म्हणाले, "पंत, अहो निदान बायकांची नावं तरी वेगळी लिहा." पंत म्हणाले, "दुसरा रकाना आखून द्या, लिहितो." तो कोणी आखिला नाही. लेखकुनेही पंतांस पुष्कळ हसोन घेतले आहे, त्याची आता शरम वाटते.

ऐसे असता सरकारातोन हुकूम आला की, नगरचे मैदानी मंगल कार्यालय बांधावयाचे आहे, सबब मंडळ जिवंत की मेलेले याची चौकशी व्हावी. तपासनीस येतील, त्यांचे समक्ष दुपारी चार वाजता, दप्तरी नाव असलेल्या तेरा असामींनी मैदानी उभे राहोन चेंडू या टोकापासोन त्या टोकास नियमाने नेऊन टेकवावा, न जमल्यास मैदान सरकारजमा. हे ऐकोन हैबतींचे पायाखालील जमीन सरकली. तेथील धोंडे त्यांचे तीर्थरूपांनी स्वहस्ते वेचिले होते, आणि वडिलांमागे पोरके जाहलेले हैबती त्या मातीतच वाढले होते. घरी सुताराचे दुकान असता त्यांचा जीव त्या मैदानात.

मग तो दिवस उजाडला, आणि बारा वाजता तेराही असामी कपडे घालोन हजर होते. तो साडेबारास हाक आली की पाटलांची म्हैस विहिरीत पडली. हैबतींनी चौघे पाठविले. एक वाजता हाक आली की कासमभाई तांबोळी यांचे वडिलांचे छातीत कळ आली, तिसरे मजल्यावर आहेत, जिना अरुंद. चौघे गेले. दोन वाजता वाऱ्याने लग्नाचा मांडव कलला, खाली वऱ्हाड जेवत होते, दोघे गेले. पंत म्हणाले, "हैबती, अरे आज तरी नाही म्हण." हैबती म्हणाले, "पंत, तोंडातून जा निघून गेलं. येतील तासाभरात." परंतु म्हैस ती म्हैस, तिजला सरकारी हुकूम काय ठाऊक. चारास दहा मिनिटे उरली तेव्हा मैदानी हैबती धरोन तीन असामी, आणि तपासनीस साहेबांची जीप फाटकाशी उभी.

साहेब कोरडा माणूस, परंतु वाकडा नव्हे. म्हणाले, "तीनच?" हैबतींनी म्हैस, कळ आणि मांडव, सारे सांगितले. ते समयी भागीरथीबाई आपले पातेले परत न्यावयास मैदानी आल्या होत्या. त्यांचे यजमानांस अखेरचे आजारात चौदा वेळा याच मंडळाने खुर्चीतोन नेले आणि आणिले होते. त्यांनी सारे ऐकिले, पातेले खाली ठेविले आणि विचारिले, "पंत, त्या वहीत माझं नाव आहे ना?" पंत म्हणाले, "आहे, सोळाव्या पानावर." बाई म्हणाल्या, "मग मी एक झाले. साहेबांना चहा द्या, मी आलेच." आणि पदर खोचोन निघाल्या, त्या मैदानालगतचे आळीत दारोदार फिरोन, चारचे ठोक्यास वहीतील नऊ जण घेऊन आल्या. त्यांत न्हावी होता, शाळेच्या बाई होत्या, गुडघ्यांची शस्त्रक्रिया जाहलेले निवृत्त पोस्टमन होते, आणि शेवटी, लेखकुही होता.

साहेबांनी चष्मा पुसोन वही पाहिली. एकेक नाव वाचिले, एकेक तोंड पाहिले. म्हणाले, "हे सगळे खेळाडू?" पंत म्हणाले, "दप्तरी तसंच आहे साहेब. मी बदललं नाही." साहेबांनी हुकूम दोन वेळा वाचिला, त्यात वयही नव्हते आणि स्त्री-पुरुषही नव्हते. म्हणाले, "बरं. नेऊन दाखवा." आणि शिट्टी मारिली.

मग जे जाहले ते कसे सांगावे. हैबतींनी चेंडू मागे दिला, तो शाळेच्या बाईंनी घेतला आणि घाबरोन मागे दिला, तो न्हाव्याने मागे दिला, ऐसा मागे मागे जात चेंडू फाटकापाशी जीपचे चाकास लागला. पुढे कोणी गेलेच नाही. साहेबांनी तोंड फिरविले, हसले की काय ते दिसले नाही. म्हणाले, "एकदाच आणखी." हैबतींनी जीपचे चाकापासोन चेंडू उचलोन आणिला. तो भागीरथीबाई बोलिल्या, "अहो, नुसतं मागं देऊन कसं होईल? दिलं की परत चालू लागा. सगळ्यांनी मिळून चाला, घाई नाही कुणाला." मग तेराही जण आडवी ओळ धरोन चालो लागले. चेंडू मागे द्यावा आणि चार पावले पुढे जावे, पुनः द्यावा, पुनः जावे. पोस्टमन दमले तेव्हा न्हाव्याने काखेत हात दिला, लेखकुचे हातून चेंडू सुटता सुटता राहिला. अर्ध्या तासाने पलीकडचे टोक आले. तेव्हा चेंडू भागीरथीबाईंचे हाती होता. त्यांनी तो भरली घागर ठेवावी तैसा दोन्ही हातांनी खाली टेकविला. साहेबांनी शिट्टी मारिली आणि कागदावर लिहिले, "मंडळ हयात आहे."

हैबती तेथेच मातीत बसले आणि लहान लेकरासारखे रडले. लेखकुचे छातीवरचा धोंडा उतरला, तो म्हैस काढोन, म्हातारबाबांस दवाखान्यात सुखरूप पोचवोन, मांडव सरळ करोन दहाही जण धापा टाकीत आले, चिखलाने माखलेले. एकाने विचारिले, "संपलं का? गेलं मैदान?" बाई म्हणाल्या, "तुमच्यावाचून काही अडत नाही. पातेलं कुठं गेलं माझं, ते बघा."

मग साहेब निघाले, आणि जीप सुरू होईना. चार वेळा चावी फिरविली, ती नुसती खोकली. साहेब खाली उतरोन इकडे तिकडे पाहो लागले. हाक मारावयाची त्यांस सवय नव्हती, आणि कोणी वाटही पाहिली नाही. दहा चिखलाचे असामी जीपचे मागे वाकोन उभे राहिले, खांद्यास खांदा लाविला, आणि वेशीपर्यंत ढकलीत नेली तेव्हा ती गुरगुरोन चालू जाहली. साहेबांनी ती वळवोन परत मैदानाशी आणिली आणि म्हणाले, "आभार मानायचे राहिले." पंतांनी चहाचा पेला त्यांचे हाती दिला, वही उघडली आणि विचारिले, "साहेब, पूर्ण नाव सांगा." साहेबांनी रकान्याचा 'खेळाडू' हा मथळा वाचिला आणि नाव सांगितले.

तात्पर्य, मंडळ हरते, मैदान आहे, दुसरा रकाना अजून आखिला नाही. लिहिणाराचे नाव पान एकोणिसावर सापडेल, येथे लिहिण्याचे कारण नाही. लेखनसीमा.