कूलरमधला समुद्र

समुद्र घरी आला तो टेम्पोतून, दोन जुन्या गाद्यांमध्ये गुंडाळून, दिवाळीच्या आदल्या रविवारी. भंडाऱ्यात कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचं दुकान चालवणारा चंद्रभान धकाते टेम्पोच्या पुढे स्कूटरवर होता आणि दर चौकात मागे वळून "हळू बावा, हळू!" असं ओरडत होता. चार माणसांनी उचलून ती साडेतीन फुटी काचेची टाकी बैठकीत ठेवली. चंद्रभानने घाम पुसला आणि बायकोकडे पाहिलं.

"घे! समुद्र समुद्र करून राहिली होती ना? आणला."

कौशल्याने टाकीत डोकावलं. "याच्यात तं पानीच नाही, अजी."

"आताच कुठं? समुद्र का एका दिवसात बनते?"

गोष्ट जुनी होती. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी, आंधळगावच्या घरी, नव्या नवरीपुढे छाती फुगवून चंद्रभान म्हणाला होता, "तुले समुद्र दाखवतो." त्यानंतर मुलगी झाली, आंधळगाव सोडून दुकान भंडाऱ्याला आलं, जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, ती मुलगी स्वाती शिकून पुण्याला नोकरीलाही लागली, समुद्र तेवढा राहिला. दरवर्षी लग्नसराई आडवी यायची, नाहीतर कोणाचं तरी बाळंतपण. कौशल्या भांडायची नाही. पण तिची धाकटी बहीण मोनिका गोव्याला जाऊन आली आणि तिने एक शंख आणून दिला. झालं! दुपारची कामं आटोपली की कौशल्या तो शंख कानाला लावून बसायची आणि नवऱ्याकडे नुसती पाहायची. आता असं पाहणं कोणता नवरा किती दिवस सहन करेल? येत्या वैशाखात लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. वचनही पाळलं जावं आणि दुकानही बंद ठेवावं लागू नये, असा दुहेरी विचार करून चंद्रभानने ही टाकी आणली होती. खाऱ्या पाण्याची, समुद्रातल्या माशांची.

टाकी विकणारे नागपूरचे केशवराव मोठा गोड माणूस. त्यांनी समुद्राच्या मिठाची पोती दिली, खारटपणा मोजायची काचेची नळी दिली आणि नियम सांगितले. नळाचं पाणी चालणार नाही. खारटपणा नळीवरच्या या हिरव्या रेघेशीच हवा. पाणी तापता कामा नये. मोटर बंद पडता कामा नये. तांबं-पितळ पाण्याला लावायचं नाही, खाऱ्या पाण्यात तांबं सुटतं आणि ते जिवांना विष. आणि मासे महिनाभराने, आधी टाकी पिकू द्यायची.

"पिकू द्याची मंजे? आंबे हायेत का?" कौशल्याने विचारलं.

महिनाभर धकात्यांच्या बैठकीत नुसतं पाणी आणि सहा दगड होते. समुद्र आल्याची बातमी मोहल्लाभर झाली होती, त्यामुळे लोक पाहायला यायचे, चहा प्यायचे, दगडांकडे टक लावून बसायचे आणि उठता उठता हळूच विचारायचे, "मासे कुठं हायेत?" शेजारच्या शकुनबाईंनी तर कपाळाला हात लावला. "गावोगावी तलाव हायेत आपल्या जिल्ह्यात, अन् यानं नागपूरहून पानी आणलं!" पुढे नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आले, तेव्हा त्या चष्मा लावून पुन्हा आल्या. बराच वेळ निरखून म्हणाल्या, "एवढ्यानं कोनाचं जेवन होते?"

कौशल्या मात्र खूश झाली, खोटं कशाला बोला. पहिले पंधरा दिवस ती टाकीसमोरून हलत नव्हती. मग थंडी सरली आणि पाणी आटायला लागलं. चंद्रभान रोज मिठाचं पाणी कालवायचा आणि ओतायचा. आठवडाभरात मासे कोपऱ्यात जाऊन तोंड वासून बसले. तो घाबरून केशवरावांना फोन लावणार, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला.

"अजी, रस्सा आटला तं तुमी त्याच्यात अजून मीठ टाकता का? पानी उडते. मीठ का उडते?"

चंद्रभानने फोन खाली ठेवला. त्या दिवसापासून काचेची नळी कौशल्याच्या ताब्यात गेली. सकाळी उठून, चहाच्या आधी, ती नळीत पाणी घ्यायची, एक डोळा मिटून रेघ पाहायची आणि निकाल द्यायची, "आज जास्त हाये." मग गोडं पाणी ओतायची. मग टाकीच्या कडेवर, भिंतीवर, टीव्हीच्या मागे चढलेलं मीठ पुसायची. आज पुसलं की उद्या पुन्हा हजर! मग दगडांवरचं शेवाळ. मग माशांचं खाणं. शंख कपाटात गेला, कारण ऐकायला वेळ कोणाकडे होता?

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला, तेव्हा घरातल्या मोठ्या प्लास्टिकच्या कूलरचं तोंड टाकीकडे वळलं. सगळा मोहल्ला आपापल्या कूलरपुढे पाय पसरून पडलेला असायचा. धकात्यांच्या घरी कूलरपुढे मासे, आणि नवरा-बायको मागच्या बाजूला डोक्यावर ओला टॉवेल घेऊन.

"मी तुमाले समुद्र मांगतला होता," कौशल्या एका दुपारी म्हणाली, "तुमी मले दोन सासवा आणून देल्ल्या."

अशात स्वातीचं पाकीट दुकानाच्या पत्त्यावर आलं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी नागपूर-पुणे गाडीची दोन तिकिटं, आणि तिथून पुढे श्रीवर्धनला, थेट समुद्रासमोरच्या खोलीचं बुकिंग. पाच दिवस! चंद्रभानने ते दोनदा वाचलं. पाच दिवस या दोघांना कोण सांभाळणार? समुद्र पाहायला जाता येत नव्हतं, कारण घरी समुद्र होता. हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याने पाकीट बैठकीतल्या आपल्या वडिलांच्या फोटोमागे खोचलं आणि स्वातीला फोनवर सांगितलं, "आईशी बोलतो." गाडी मंगळवारची होती. बोलणं काही होईना. तिकिटं परत करून टाकावीत, तिला कळणारही नाही, इथपर्यंत त्याची मजल गेली होती.

आणि त्याच मंगळवारच्या आधीच्या गुरुवारी मोनिकाच्या मुलीचं, टीनाचं, नाकाडोंगरीला लग्न होतं.

"माह्या बहिणीच्या पोरीचं लग्न, अन् मी माशापायी घरी बसू?" कौशल्याने एकदाच विचारलं. एकदा पुरे होतं.

शेवटी शेजारी हिरालाल पुढे आला. त्याचं पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं, दुपारी गिऱ्हाईक नसायचं आणि मदतीची हौस दांडगी. चंद्रभानने त्याला तीन दिवस शिकवलं. मोटर, पंप, खाणं, सगळं. तांब्या-पितळेचं तेवढं सांगायचं राहिलं. कोणाला वाटलं होतं, की बैठकीत पितळ येईल म्हणून!

नाकाडोंगरीच्या मांडवात अंतरपाट धरला आणि चंद्रभानचा फोन वाजला.

"चंद्रभानभाऊ, लाईट गेली."

"सेलवाला पंप लावा."

"लावला. दहा मिनटं चालला, मंग बसला. पण तुमी काही चिंता करू नका. टाकीचं पानी गरम होऊन राहिलं होतं, तं मी दुकानातलं मोठं घंगाळ आणलं. चिंच लावून घासलेलं! टाकीतलंच पानी भरलं, अन् त्याच्यात सोडले दोघांले. काय दिसून राहिले सांगू, सोन्यानं मढवल्यासारखे!"

चंद्रभानला केशवरावांचं तांबं-पितळ आठवलं. नेमके तेव्हाच भटजी मंगलाष्टकाच्या दोन कडव्यांमध्ये श्वास घ्यायला थांबले होते, आणि त्या शांत मांडवात चंद्रभान बेंबीच्या देठापासून ओरडला, "काढा त्यांले बाहेर! आत्ताच्या आत्ता काढा! नाहीतं मरतीन दोघंही!"

अंतरपाट धरणाऱ्यांचे हात खाली आले. नवरा-नवरीने वेळेआधीच एकमेकांकडे पाहिलं. नवरदेवाचे काका भैयाजी पहिल्या रांगेतून उठले.

"कोनाले बाहेर काढता जी? आमच्या पोराले?"

"नाही जी, नाही! ते घंगाळात..."

"घंगाळ? आमी कोनतंच घंगाळ मांगतलं नाही!"

मोनिका रडायला लागली. चंद्रभान एका हाताने भैयाजींना नमस्कार करत होता आणि दुसऱ्या हातातल्या फोनमध्ये ओरडत होता, "प्लास्टिक पाहा, प्लास्टिक! मोठं, थंड! टाकीतलंच उरलेलं पानी भरा अन् त्याच्यात..." आणि रेंज गेली. त्या जंगलपट्ट्यात ती येते कधी आणि जाते कधी, कोणालाच सांगता येत नाही.

अक्षता कशाबशा पडल्या. पंगतीला न बसता दोघं एसटीत बसले. सख्ख्या भाचीच्या लग्नातून उपाशी निघालेली मावशी म्हणून कौशल्याचं नाव आता पिढ्यान्‌पिढ्या निघणार होतं. तुमसरपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तुमसरला म्हणाली, "मठ्ठा-जिलेबी होती पंगतीत." मग थेट भंडाऱ्यापर्यंत पुन्हा काही नाही.

पाच वाजता चंद्रभानने घराचं दार ढकललं, आणि तोंडावर वारा आला. गार, ओला, सणसणीत. त्याने ओठांवरून जीभ फिरवली. खारट!

बैठकीच्या मधोमध, कूलरपुढे, हिरालाल बनियनवर पाय पसरून बसला होता. केस ताठ उभे, भुवया पांढऱ्या.

"या या!" तो म्हणाला. "काय हवा हाये! आंगाले जराशी चिकचिक होते, पण थंडी बहुत."

"मासे कुठं हायेत?"

"कूलरात. तुमीच म्हटलं ना, मोठं, थंड प्लास्टिक? तं घरात कूलरहून थंड काय हाये? खालचं बूच काढून गोडं पानी सोडून देल्लं, तुमच्या टाकीतलं तीन बादल्या भरलं, अन् देल्ले दोघं सोडून. बराबर दीड वाजता लाईट आली."

कूलरचं बटण सकाळपासून चालूच होतं. म्हणजे दीड वाजल्यापासून कूलरची मोटर तो समुद्र वर खेचत होती, गवताच्या ताट्यांवर सोडत होती आणि पंखा तो घरभर फेकत होता. टीव्ही पांढरा झाला होता. सोफा पांढरा झाला होता. दिवाणावर ठेवलेल्या दुकानाच्या सहा कोशाच्या साड्या पापडासारख्या कडक झाल्या होत्या. चंद्रभानने कूलरच्या पेटीत डोकावलं. दोन्ही मासे वरून पडणाऱ्या धारांखाली शेपट्या हलवत, गोल गोल, मजेत फिरत होते. इतके खुशीत ते सहा महिन्यांत एकदाही दिसले नव्हते. हरामखोर!

तो बटण बंद करायला धावला.

"राहू द्या," कौशल्या म्हणाली.

ती कूलरसमोर उभी होती, लग्नातल्या ठेवणीच्या साडीत, डोळे मिटून. पदर मागे फडफडत होता.

"अजी, समुद्रावरचा वारा असाच राह्यते का?"

पंचवीस वर्षांत चंद्रभानने या विषयावर भरपूर थापा मारल्या होत्या. आता एकही सुचेना.

"मले का मालूम?" तो म्हणाला. "मी तरी कुठं पाह्यला?"

कौशल्याने डोळे उघडले. नवऱ्याकडे पाहिलं. टीव्हीकडे पाहिलं, साड्यांकडे पाहिलं, हिरालालच्या भुवयांकडे पाहिलं, आणि ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली, पोट धरलं, डोळ्यांतून पाणी काढलं. काय झालं ते न कळताच हिरालालही हसायला लागला, आणि चंद्रभानलाही हसू आवरेना. बऱ्याच वेळाने ती उठली, सासऱ्यांच्या फोटोवरचं मीठ पुसायला तो खाली उतरवला, आणि फोटोमागून पाकीट पडलं.

तिने ते सावकाश वाचलं. हसणं थांबलं.

"मंगळवारची हाये गाडी?"

"हो."

"कायले लपवलं?"

"माशांकडे कोण..." इतकंच त्याच्या तोंडून निघालं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. भैयाजींनी मांडवात झापलं, तेव्हाही इतकी वाटली नव्हती.

कौशल्याने पाकिटाची घडी घालून कमरेला खोचली. "केशवरावले फोन लावा."

शनिवारी मासे पिशवीतून नागपूरला गेले. केशवरावांना जराही नवल वाटलं नाही. त्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीत बोट दाखवलं. तिथे परत आलेल्या नऊ टाक्या एकावर एक होत्या. "कोणी लाईटपायी आणते, कोणी उन्हाळ्यापायी. एकाले तर बायको म्हणाली, मी नाहीतर मासे. तुम्ही सात महिने काढले, साहेब! मी चारच धरले होते."

आणि बुधवारी संध्याकाळी श्रीवर्धनच्या वाळूत धकाते नवरा-बायको चपला हातात घेऊन उभे राहिले. पुण्याहून सोबत आलेली स्वाती मुद्दामच मागे थांबली होती. समोर पाणी, आणि त्याच्यापुढे पाणीच पाणी, कुठे काच नाही. चंद्रभानला भरून आलं. आता कौशल्या काहीतरी बोलेल म्हणून तो वाट पाहत राहिला. कौशल्या साडी वर खोचून गुडघाभर पाण्यात गेली. तिने कमरेची चंची उघडली, काचेची नळी काढली, त्यात समुद्र भरला आणि एक डोळा मिटून ती उजेडात धरली.

चंद्रभान पुढे वाकला. "कसा हाये?"

"थोडासा अळणी हाये," ती म्हणाली आणि नळी रिकामी केली. "पण चालते."

मग ती लाटांकडे पाहत राहिली. एक आली, गेली. दुसरी आली, गेली.

"अजी, हे रात्री बी चालू राह्यते?"

"चालूच राह्यते."

"लाईट गेली तरी?"

"लाईट गेली तरी."

कौशल्याने एक लांब श्वास सोडला आणि नळी त्याच्या खिशात घातली. "मंग आज मले काही मोजाचं नाही," ती म्हणाली, "अन् काही पुसाचं बी नाही." आणि चांगल्या साडीचा विचार न करता ती ओल्या वाळूत पाय पसरून बसली. चंद्रभानही शेजारी बसला. एक मोठी लाट आली आणि दोघांना कमरेपर्यंत भिजवून गेली, तरी कोणी उठलं नाही.