फेसच्या भट्टीतली तीन पातेली

प्रॉस्पर ओहनोनाला विचाराल तर यात्रा काढावी ती त्यानेच! राबात, मेक्नेस, फेस आणि मराकेश, मोरोक्कोच्या चार जुन्या राजधान्या आठ दिवसांत. ज्यूंची सगळी सिनेगॉगं, म्हणजे प्रार्थनास्थळं, सगळी कबरस्तानं, वर रोज दोन वेळा कोशेर, म्हणजे त्यांच्या धर्माला चालणारं जेवण. असे एकोणीस जथे त्याने फिरवून आणले होते.

"एकोणीस जथ्यांत एक बॅग हरवली नाही, एक पासपोर्ट हरवला नाही, एक म्हातारा हरवला नाही!" कासाब्लांकाच्या विमानतळावर विसाव्या जथ्याला त्याने हे ऐकवलं. चौदा जण होते. सगळे इथेच जन्मलेले, तरुणपणी बाहेर गेलेले आणि आता गुडघे धरून परत आलेले. सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. दोघींनी मात्र नाही. त्यांना एकमेकींकडे न बघण्याचं काम होतं.

त्या दोघी म्हणजे नणंद-भावजय. नणंद सुलताना बोतबोल, पॅरिसहून आलेली, जन्म फेसच्या मेल्लाहमधला, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीतला. भावजय पेर्ला, माँट्रियलहून आलेली, जन्म मेक्नेसचा. दोघींच्या मधला दुवा होता मिमून. सुलतानाचा धाकटा भाऊ आणि पेर्लाचा नवरा. तो जाऊन त्या शनिवारी वर्ष होत होतं, म्हणून तर दोघी आल्या होत्या. मिमून होता तोवर दोघींचं भांडण त्याच्यामार्फत चालायचं. आता ते थेट चालू होतं.

मेक्नेसमध्ये बस शिरल्याबरोबर सुलताना म्हणाली, "ही म्हणे राजधानी! घोड्यांच्या तबेल्यांचं गाव नुसतं!"

फेसमध्ये पेर्लाने परतफेड केली. "वन्सं, ही तुमची गल्ली आहे की भिंतीला पडलेली भेग?"

आणि मग स्खीनाचा विषय निघाला. शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी मांस, बटाटे, हरभरे आणि अंडी एका पातेल्यात घालून, झाकणाला कणीक लावून ते भट्टीत ठेवायचं. शनिवारी दुपारी काढायचं. मेल्लाहमध्ये शेकडो वर्षं असंच चालत आलंय. प्रश्न एवढाच होता की त्यात गहू घालायचा की भात. सुलतानाच्या घरी गहू, अख्ख्या लसणाच्या गड्ड्यांसकट. पेर्लाच्या घरी भात, जायफळ लावून, फडक्यात बांधून.

"मिमूनला गहू आवडायचा," सुलताना म्हणाली.

"बावन्न वर्षं माझ्या हातचा भात खाल्लाय त्यांनी!"

"खाल्ला असेल. बिचारा लहानपणापासून सोशिकच होता."

प्रॉस्परने हात वर केले. "बायांनो, दोन्ही करा! मिमूनच्या नावाने दोन पातेली. भट्टी मी बघतो. मी आहे ना!"

पातेली विकत आणली तीही सारखी, एकाच दुकानातून. एकीचं मोठं आणि एकीचं लहान असतं तर मराकेश दिसलंच नसतं. शुक्रवारी दुपारी दोघींनी सिनेगॉगला लागून असलेल्या सभागृहाच्या स्वयंपाकघरात एकमेकींकडे पाठ करून रांधलं. प्रॉस्पर आत डोकावला तर दोघींनी एकदमच त्याला बाहेर हाकललं. कणीक लावून पातेली बंद झाल्यावर त्याने एका पातेल्याच्या कानाला तांबडी चिंधी बांधली, दुसऱ्याच्या कानाला निळी. तांबडी सुलतानाची, निळी पेर्लाची. "याला म्हणतात व्यवस्था!" असं स्वतःलाच म्हणून त्याने दोन्ही पातेली गल्लीतल्या भट्टीवाल्या बा अल्लालकडे पोचती केली.

शनिवारी दुपारी प्रार्थना आटोपली, मिमूनचं नाव घेतलं गेलं, चौदा जण हात धुऊन बसले. हातगाडीवाल्या द्रिसने भट्टीतून दोन पातेली आणून टेबलावर ठेवली. चिंध्या नव्हत्या. कुठून असणार? रात्रभर भट्टीत राहिलेल्या चिंध्या! दोन्ही पातेली काजळीने सारखीच काळी.

"हरकत नाही," प्रॉस्पर घाम पुसत म्हणाला. "उघडलं की कळेलच!"

पहिलं उघडलं. गहू, लसूण, खरपूस तपकिरी अंडी. वास असा की चौदाच्या चौदा म्हातारे एकदम दहा वर्षांचे झाले.

दुसरं उघडलं. आतून चार खूर वर आले. गाईचे!

"वन्सं," पेर्ला हळूच म्हणाली, "हे फेसचं खास का?"

"हे माझं नाही! कुणाचं कोण जाणे! कुणी हात लावू नका, कोशेर नाही ते! झाका!"

प्रॉस्परने झाकण आपटलं. डोकं मात्र त्याचं चाललं. "म्हणजे गव्हाचं आलं. सुलतानाबाई, तुमचं सुखरूप आहे. पेर्लाबाईंचं भाताचं तेवढं अदलाबदल झालंय."

आता पेर्ला आकाशपाताळ एक करणार, म्हणून त्याने मान खाली घातली. पेर्ला गप्प! उलट सुलतानाच उसळली. "बघतोस काय? जा आणि ते दुसरं घेऊन ये!"

"राहू दे की," पेर्ला म्हणाली. "एवढं पुरेल सगळ्यांना."

प्रॉस्पर चक्रावला. सूर्य पश्चिमेला उगवला असता तरी इतका चक्रावला नसता.

शनिवार म्हणजे फोन नाही, गाडी नाही. साठीचा प्रॉस्पर कोट सावरत गल्ल्यांतून भट्टीपर्यंत पळत गेला.

"चिंध्या?" बा अल्लाल पोट धरून हसला. "भट्टीत चिंध्या बांधून पाठवतोस? माझ्या भट्टीत हाडं विरघळतात! आणि तसली पातेली काल तीन आली होती. तिसरं शेजारच्या हज्जा बतूलचं. तिचा माणूस मघाशीच घेऊन गेला."

हज्जा बतूलचं घर दोन वळणांवर. दाराबाहेर चपलाच चपला. दार किलकिलं झालं आणि बतूलचा हात बाहेर आला. त्याने प्रॉस्परची कॉलर धरली.

"एक अक्षर बोलायचं नाही!" ती कुजबुजली. "मुलीला मागणी घालायला तेतुआनची माणसं आलीयत. मी सगळ्यांसमोर झाकण काढलं तर आत अंडी! मी खुरांचं सांगून ठेवलेलं! मुलाच्या आईने विचारलं, हे काय? मी म्हटलं, ही आमची फेसची रीत. व्याह्यांना अंडी वाढतो, शुभ असतं."

"मग?"

"मग काय! ती बाई तिसरं अंडं खातेय. बोटं चाटतायत सगळे. आता तू आत येऊन पातेलं मागितलंस तर माझी पोरगी जन्मभर घरात बसेल. जा!"

एका मुलीचं लग्न एकीकडे, एक पातेलं एकीकडे. प्रॉस्पर रिकाम्या हाताने परतला. सभागृहात गव्हावर ताव मारणं चालू होतं. त्याने खुर्चीवर बसून सगळं सांगितलं. सुलतानाने फक्त एकच विचारलं, "सगळं खाल्लं त्यांनी?"

तासाभराने बतूल स्वतःच आली. चेहरा उजळलेला, एका काखेत घासूनपुसून लख्ख केलेलं पातेलं, दुसऱ्या हातात संत्र्यांची टोपली.

"सोयरीक ठरली!" ती दारातूनच ओरडली. "तो जायफळाचा भात कुणी केला होता? मुलाची आई विचारत होती. त्या बाईच्या हाताचा मुका घ्यायचाय मला!"

"या आमच्या पेर्लाबाई," प्रॉस्पर म्हणाला.

पेर्ला हलली नाही. ती ताटातल्या गव्हाकडे बघत होती. हलली ती सुलताना.

"भात माझा," ती म्हणाली.

सभागृहात चमचेसुद्धा थांबले.

"गेल्या वर्षी मिमूनचा फोन आला होता," सुलताना कुणाकडेच न बघता म्हणाली. "म्हणाला, ताई, एकदा पेर्लासारखा भात घालून बघ, काय लागतो! मला असा राग आला. फोन ठेवला. महिनाभर केला नाही. मग पेर्लाचाच आला, तो गेल्याचा."

सगळे पेर्लाकडे वळले. भात जर सुलतानाचा, तर हा गहू कुणाचा, हे आता चौदा जणांना आणि प्रॉस्परलासुद्धा कळलं होतं.

"दवाखान्यात हे म्हणाले, गहू खावासा वाटतोय. ताईच्या घरचा," पेर्ला म्हणाली. "मी म्हटलं, मग जा बहिणीकडे. मी रागात बोलून गेले. त्या दिवशी मला वेळ होता, करता आला असता."

बतूलला यातलं काही कळलं नाही, पण शांतता तिला कधीच सोसत नसे. ती सुलतानाकडे वळली.

"तुझा होता का भात? छान होता हो! फक्त मीठ जरा जास्त होतं."

पेर्ला ताडकन उभी राहिली. "मीठ बरोबर आहे! त्या भाताला तेवढंच मीठ लागतं! त्यांनी बावन्न वर्षांत एकदाही नाव ठेवलं नाही!"

"बरं बाई, बरोबर होतं," बतूल दोन पावलं मागे सरली.

सुलतानाने भावजयीकडे पाहिलं. या प्रवासात पहिल्यांदाच. मग गव्हाचा एक घास तोंडात घातला, सावकाश चावला.

"गहू जरा जास्त शिजलाय," ती म्हणाली, आणि ताट पुढे केलं. "वाढ अजून."

पेर्लाने वाढलं, काठोकाठ.

प्रॉस्परच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासून त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, हेही त्याला त्याच वेळी आठवलं. तो ताट घेऊन लगबगीने पातेल्याशी गेला. तळाशी लसणाची सालं होती आणि एका अंड्याचं टरफल.

त्याने टोपलीतलं एक संत्रं घेतलं आणि कोपऱ्यात बसून सोलायला लागला.