महालिंगअप्पांची पडायची तालीम

आमचे शेजारी महालिंगअप्पा रोज सकाळी दूधवाला येऊन गेला की पडतात. चुकून नव्हे, ठरवून. आधी भिंतीपलीकडून "हां!" असा आवाज येतो, मग धप्प, मग थोडी शांतता, आणि मग अप्पांचं स्वतःशीच बोलणं, "मान चुकली. परत." आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की पहिल्याच सकाळी तो घाबरून आमच्या दाराची कडी वाजवतो. आम्ही त्याला चहा पाजतो आणि सांगतो, काही नाही हो, अप्पांचा सराव चाललाय. त्यानंतर तो आमच्याकडेही जरा संशयानंच बघायला लागतो.

अप्पांनी सत्तरी ओलांडली आहे. परंड्याच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, ते आता भाड्यानं दिलंय. तरुणपणी कुस्त्या खेळायचे. जत्रेच्या फडात आपल्या पाठीला कधी माती लागली नाही, असं ते सांगतात. त्यांचे तेव्हाचे जोडीदार रहीमचाचा हे ऐकलं की खोकतात. पण ते असो. आमच्याकडं पाठ जमिनीला टेकली की विषय संपला. कुस्ती तर जातेच, वर्षभर पानटपरीवर तोंड दाखवायची सोय राहत नाही. अशा गावात हा गडी उतारवयात आपण होऊन पाठीवर पडायला लागला. चाचांना ते सहनच झालं नाही.

"क्या रे महालिंग," ते एकदा ओट्यावर बसून कळवळले, "उमरभर पीठ संभाला, अब बुढापे में खुदीच टेकता क्या?"

"तवा पाडायला समोर गडी व्हता, चाचा," अप्पा म्हणाले. "आता गडी कुठला आणायचा? आपलं आपल्यालाच पडावं लागतंय."

या तालमीचं मूळ पुण्यात आहे. तिथं अप्पांचा मुलगा संगमेश एका कंपनीत नोकरी करतो. काकू गेल्यापासून अप्पा घरात एकटेच. मागच्या गल्लीतले एक आजोबा न्हाणीघरात घसरून खुबा मोडून बसले, ही बातमी संगमेशच्या कानावर गेली आणि तेव्हापासून त्यानं फोनवर एकच धोशा लावला. अप्पा, तुम्ही पडलात तर? कुणाला कळणार? त्यापेक्षा घराला कुलूप लावा आणि पुण्याला या. इथं लिफ्ट आहे, बागेत म्हाताऱ्यांसाठी वेगळी बाकडी आहेत. शेवटी त्यानं जाहीर करून टाकलं, की दिवाळीला येतो तो तुम्हाला घेऊनच जातो.

दुसरा कुणी असता तर मुलाशी भांडला असता, नाहीतर बॅग भरली असती. अप्पांनी गादी अंगणात ओढली.

"पडलो तर, पडलो तर! अरे, पडायचं ते नीट पडलं म्हंजी झालं की!" असं म्हणून त्यांनी मोबाईलवर कुठल्याशा परदेशी म्हाताऱ्याचे ज्यूदोचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. तो म्हातारा काय बोलतो हे अप्पांना कळत नव्हतं. त्यामुळं त्यांचा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला.

त्यांच्या शिकण्याची रीत मात्र ऐकण्यासारखी होती, आणि ऐकण्यावाचून आम्हाला सुटकाही नव्हती. सुरुवात झोपूनच. म्हणजे आधीच आडवा असलेला माणूस आणखी पडायला शिकणार. नुसती हनुवटी छातीला लावायची आणि तळहात गादीवर आपटायचे. महिनाभर एवढंच. मग उकिडवं बसून मागं लवंडायचं. मग पाटावरून, मग उभ्यानं. एक पायरी अंगात मुरल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. चुकलं की लगेच थांबायचं, कारण "चुकीचं घोटलं की चूकच पक्की व्हती." दमल्यावर सराव करायचा नाही, आणि पडताना हात टेकायचा नाही. "हात पुढं केला की मनगट गेलं. जीव घाबरला की हात पुढं जातुया. तेच तर मोडायचंय."

आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी, "अंगाला कळलं का? डोस्क्याला कळून काय उपेग न्हाय."

हे वाक्य त्यांनी साऱ्या गल्लीला लावलं. माझ्या बायकोला पोळ्या लाटताना विचारलं, मला स्कूटर स्टँडवर चढवताना विचारलं. मी शाळेत मराठी शिकवतो. एकदा मुलांना समास समजावून झाल्यावर माझ्याच तोंडून "अंगाला कळलं का?" असं निघून गेलं. वर्गात अजून त्यावरून हसतात.

एका रविवारी त्यांनी मलाही गादीवर घेतलं. मी सुशिक्षित माणूस, झोपून पडण्यात वेळ कशाला घालवू? एकदम उभ्यानंच पडलो. मी कसा पडलो ते सांगत नाही. चार दिवस फळ्यावर लिहिताना हात खांद्याच्या वर जात नव्हता. अप्पा चौकशीला आले आणि बायकोसमोर म्हणाले, "सरांना शिकायची घाई न्हाय हो, शिकून झाल्याची घाई हाय." बायकोला हे वाक्य इतकं आवडलं, की ती ते आजही कुठंही वापरते.

दिवाळी जवळ आली तोवर अप्पा खरोखर सुरेख पडायला लागले होते. चिडवायला जावं तर समोर बघतच राहावं. चालता चालता मागं झुकायचे, गोल होऊन पाठीवरून घरंगळायचे आणि कुशीवर वळून, गुडघा टेकून पुन्हा उभे. गादी कधीच गेली होती. आता ओल्या शहाबादी फरशीवर, हातात भरलेली बादली घेऊन सराव चालायचा. "न्हाणीघरात मानूस बादली घिऊनच पडतंय," हा त्यावरचा खुलासा.

संगमेश कुर्डुवाडीला रेल्वेतून उतरून एसटीनं आला. आल्या आल्या त्यानं कपाटं बघायला सुरुवात केली, काय न्यायचं आणि काय टाकायचं. अप्पांनी त्याला कपाटं बघू दिली. फक्त मला निरोप आला, सकाळी साक्षीदार म्हणून या.

मी गेलो तर संगमेश पुढच्या खोलीत फोनवर बोलत होता. अप्पा मागच्या अंगणात बादली भरत होते.

"त्याला सांगितलंत का?" मी विचारलं.

"सांगून पडलं तर परीक्षा कसली?" असं म्हणून अप्पा पडले.

काय पडले! बादली दगडावर आपटून सगळी गल्ली दणाणली. पुढच्या खोलीतून "अप्पा!" अशी किंकाळी आली आणि पाठोपाठ संगमेश धावत आला. त्याचा पाय ओल्या फरशीवर पडला, जीव घाबरलेलाच होता, हात पुढं गेला, आणि पुढचं सगळं अप्पांनी सांगितलं होतं तसंच झालं. अप्पा तोवर गुडघ्यावरून उभे राहिलेसुद्धा होते. बार्शीला नेऊन संगमेशच्या मनगटाला प्लास्टर घातलं.

प्लास्टर निघेपर्यंत तो इथंच राहिला. एका हातानं लॅपटॉप बडवायचा. अप्पा त्याच्या शर्टाची बटणं लावायचे, भाकरी कुस्करून द्यायचे, केसाला तेल लावायचे. पस्तिशीचा बाप्या मान खाली घालून तेल लावून घ्यायचा. अप्पांचा सकाळचा सराव त्या दिवसांत बंद होता, आणि गल्लीतला नवा भाडेकरू पहिल्यांदा सुखानं झोपला.

जायच्या दिवशी संगमेश ओट्यावर माझ्यासमोर म्हणाला, "अप्पा, पटलं मला. राहा तुम्ही इथंच. तुम्हाला पडता येतंय, मलाच येत नाही. आता मी काळजी करणार नाही."

अप्पा त्याला एसटीत बसवून आले आणि पायरीवर बसले. मी मुद्दाम पेढे घेऊन गेलो.

"जिंकलात की अप्पा!"

"व्हय की." पेढा त्यांनी हातातच धरून ठेवला. मग म्हणाले, "सर, पडलो तवा माझं डोळं उघडं व्हतं. त्यो पळत आला, बघितलं न्हवं तुमी? हातातला फोन फेकून दिला. पायात चप्पल न्हाय, काय न्हाय. ल्हानपनी वरडायचा तसं 'अप्पा' म्हणून वरडला."

"बघितलं की," मी म्हणालो.

मी पेढ्यांचा पुडा मिटून पायरीवर ठेवला.

अप्पा रस्त्याकडं बघत होते. "आता त्याला ठावं झालंय, सर, बापाला पडता येतंय. आता कशाला पळत यील त्यो?"