धैर्यवानांची घरची भट्टी

जी वस्तू लोहार दुपारपर्यंत नीट करतो, ती सुशिक्षित माणसाने हाती घेतल्यास तिला काही वर्षे लागतात. लोहाराला फक्त ती वस्तू नीट करायची असते. सुशिक्षित माणसाला त्याआधी देश नीट करावा लागतो.

गिरगावात खोताच्या वाडीत राहणारे हेरंबराव धैर्यवान हे सरकारी कचेरीत हेडकारकून होते. विलायतेस परत निघालेल्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांनी एक जुना शिग्राम घेतला. शिग्राम म्हणजे पालखीसारखी चारी बाजूंनी बंद घोडागाडी. गाडी उत्तम होती. फक्त जिच्यावर चाके फिरतात ती लोखंडी आस मधोमध मोडलेली होती. (घोडाही नव्हता, पण घोडा हा काही गाडीचा भाग नव्हे, असे हेरंबरावांचे मत होते.)

गाडी ओढत ओढत अंगणात आणली, तेव्हा शेजारचा बाप्टिस्ट आपल्या भाजीच्या बैलगाडीपाशी उभा होता. तो म्हणाला, "हेरंबराव, ती आस तेवढी नाक्यावरच्या लोहाराकडं न्या. तुमी जेवून उठेपर्यंत सांधून देईल."

"हीच ती गुलामगिरी, बाप्टिस्ट! आपलं लोखंड आपण सांधत नाही, म्हणून तर आपली ही दशा."

बाप्टिस्टने आधी स्वतःची दशा पाहिली, मग आसेची पाहिली, आणि "बरं" म्हणून तो बैल सोडायला गेला.

घरच्या घरी लोखंड सांधायचे तर भट्टी हवी. भट्टीला वारा हवा, आणि अंगणात वारा जिथे येतो नेमके तिथे तुळशीवृंदावन होते, ते हलवले. ऐरण आली. ऐरणीखाली चिंचेचा ओंडका आला. भाता आला, तो चामड्याचा. आणि चामडे सोवळ्याच्या स्वयंपाकघराजवळ ठेवता येत नाही. हेरंबराव धर्मनिष्ठ असल्यामुळे त्यांनी भाता तिथेच ठेवून स्वयंपाकघर मागच्या पडवीत नेले. रिकाम्या स्वयंपाकघरात कोळसा भरला. पडवीत धुराने डोळे चोळत त्यांच्या पत्नी दुर्गाबाई स्वयंपाक करू लागल्या. कोणत्याही उद्योगाच्या आरंभी थोडीफार गैरसोय होतेच, आणि ती सहन करण्यासाठी प्रत्येक घरात कोणीतरी नेमलेले असते.

दुर्गाबाईंचे माहेर शीवला. तिथे त्यांची म्हातारी आई एकटी राहत असे. "आता माहेरी जायचं ते आपल्या स्वतःच्या गाडीतून," असे हेरंबरावांनी जाहीर केले होते, आणि तेव्हापासून दुर्गाबाईंचे माहेरी जाणे बंद झाले होते.

भट्टीची तयारी पाहायला वाडीतली मंडळी संध्याकाळी जमू लागली. जमलेल्या मंडळींची सभा झाली. सभेला 'गृहलोहकर्मोत्तेजक सभा' असे नाव मिळाले. अध्यक्ष हेरंबराव, उपाध्यक्ष पलीकडच्या घरचे वसंतराव वकील. बैठका शिग्रामातच भरत, कारण आतली गादी अजून मऊ होती. पहिल्या वार्षिक अहवालाप्रमाणे सभेत झालेली व्याख्याने बावीस, आभारप्रदर्शने बावीस, आणि सांधलेले लोखंड शून्य. (शून्याचा शोध आपल्याच पूर्वजांनी लावला, याकडे वसंतरावांनी लक्ष वेधले. टाळ्या झाल्या.)

अखेर भट्टी पेटवण्याचा मुहूर्त ठरला. भटजींनी भट्टीची पूजा केली. वसंतराव हार घेऊन उभे राहिले. तेवढ्यात शीवहून दुर्गाबाईंच्या आईचा शेजारी धोंडू धापा टाकत आला. तो थेट पडवीकडे गेला. क्षणभराने दुर्गाबाई बाहेर आल्या. त्यांच्या हाताला पीठ तसेच होते.

"आईचं जास्त झालंय," त्या म्हणाल्या. "माझं नाव घेतेय. इकडून यायचं ना?"

सासू हेरंबरावांना कधी वाकडा शब्द बोलली नव्हती. त्यांनी हातातली सांडशी खाली ठेवलीसुद्धा. पण त्याच वेळी वसंतरावांनी हार त्यांच्या गळ्यात घातला, आणि हार घातलेल्या माणसाला उठून जाता येत नाही.

"अगं, एवढा सांधा बसू दे. मग आपल्याच गाडीतून जाऊ. काय वेळ लागतोय!"

"घोडा?" दुर्गाबाईंनी विचारले.

हा विषय सभेच्या कार्यक्रमात नव्हता.

कुंपणापलीकडून बाप्टिस्ट म्हणाला, "बाई, चला. भाजी खाली टाकतो." त्याने वांग्यांचे हारे भराभर उतरवले आणि बैल जुंपले. धोंडूने हात दिला आणि दुर्गाबाई रिकाम्या पोत्यांवर बसल्या. एकदा तरी त्या मागे वळून पाहतील असे हेरंबरावांना वाटले. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तरी दुर्गाबाईंनी मागे पाहिले नाही.

मग भट्टी पेटली. भाता फुसफुसला. लोखंड तांबडे झाले, पिवळे झाले, पांढरे होऊन ठिणग्या उडवू लागले. वसंतरावांनी एक तुकडा धरला, हेरंबरावांनी सांडशीत दुसरा धरला, दोन्ही ऐरणीवर एकमेकांवर ठेवले, आणि हेरंबरावांनी देवाचे नाव घेऊन घण घातला. घण सांडशीवर बसला. आसेचे दोन तुकडे होते तसेच दोन राहिले. मात्र त्यातल्या एकाला सांडशी कायमची चिकटली.

हेरंबराव त्या सांडशीकडे बघतच राहिले. त्यांना एकदम शीव आठवले.

"अहो, बघता काय!" वसंतराव ओरडले. "लोखंडाला लोखंड चिकटलं की नाही? तत्त्व सिद्ध झालं! आता उरला तो निव्वळ तपशील!"

सभेने अभिनंदनाचा ठराव केला आणि पेढे वाटले.

त्याच सुमारास शीवला म्हातारीने लेकीच्या हातचे दोन घोट पाणी घेतले आणि डोळे मिटले. सभेला हे दुसऱ्या दिवशी कळले. दुखवट्याचा ठराव एकमताने, उभे राहून, संमत झाला. (शिग्रामाचे छत बुटके असल्यामुळे वाकून उभे राहावे लागले.)

दिवसकार्याला हेरंबराव भाड्याच्या छोट्या बैलगाडीतून, रेकल्यातून, शीवला गेले. सगळे आटोपल्यावर त्यांनी चाचरत विचारले, "निघायचं ना?"

"गाडी झाली?"

"होतच आलीय."

"मग झाली की यावं न्यायला," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि आईच्या चुलीपाशी जाऊन बसल्या.

त्यानंतर हेरंबराव स्वतःच पडवीत भात शिजवू लागले. तो खाली लागे. सभा मात्र भरभराटीला आली, आणि तिच्या नियमांत एकच दुरुस्ती झाली: सभासद होण्यास काम करण्याची अट नाही, भट्टीचे काय होते ते पाहत थांबले म्हणजे पुरे. तेव्हा बाप्टिस्टची बैलगाडी वाडीबाहेर पडल्यावर तिच्यामागे शीवला न जाता, सांधा बसतो की नाही हे पाहायला जे वाचक इथेच थांबले, त्या सर्वांची नावे सभासदांच्या यादीत रीतसर दाखल करून घेतली आहेत.

पेढे मात्र संपले.