राणीच्या विमानातला अनोळखी माणूस

सारी हयात एसटी चालवलेल्या माणसाला विमानाचं कसलं आलंय कौतुक? आमच्या कवठे महांकाळच्या स्टँडवर मी हेच सगळ्यांना सांगून आलो होतो. मला कौतुक होतं ते आमच्या राणीचं. आमचे वडील मेंढरांमागं माणदेशभर चालले, मी गाडी हाकली आणि माझी पोरगी विमानात नोकरीला लागली. पुण्याहून दिल्लीला जायचं तर तिच्याच विमानानं, असं मी आणि माझ्या बायकोनं, अंबूनं, ठरवूनच टाकलं.

आदल्या दिवशी राणीचा फोन आला. पट्टा कसा लावायचा, कान दडपले तर काय करायचं, सगळं तिनं सांगितलं. मग जरा दबकत म्हणाली, "आबा, उद्या माझी परीक्षा हाय. आमच्या मोठ्या मॅडम माझं काम बघणार हायत. तवा विमानात लय ओळख दाखवू नका."

"अगं, तू काळजीच करू नकोस," मी म्हणालो. "तुझं नावसुदा माझ्या तोंडातनं येणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी विमानाच्या दारात राणी हात जोडून उभी होती. केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात रुमाल, अंगात निळा कोट. "नमस्कार सर," म्हणाली. पोटच्या पोरीनं सर म्हटल्यावर माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण तटतटायला लागलं. तरी मी तिच्याकडं ढुंकून न बघता म्हणालो, "नमस्कार ताई. आपण पयल्यांदाच भेटतोय." मागं मोठ्या मॅडम उभ्या होत्या ना.

खिडकीशी अंबू, मधे मी आणि कडेला एक चष्मेवाले गृहस्थ. अंबूनं कानात कापसाचे बोळे घातले आणि विमान हलायच्या आतच तिला झोप लागली. तेवढ्यात राणी पट्टा हातात धरून आमच्यापुढं उभी राहिली आणि लोकांना तो कसा लावायचा ते दाखवू लागली. एवढी माणसं तिच्याकडं बघतायत, हे बघून माझं मन काही आवरेना. हळूच फोन काढला आणि फोटो घेतला. मग आणखी एक. मग ती पाणी देताना, कुणाची बॅग वर ठेवताना.

"काका," चष्मेवाले हळू आवाजात म्हणाले, "बायकांचे असे चोरून फोटो काढणं बरं नाही."

"मी ढगांचे काढतोय," मी म्हणालो.

"ढग तिकडं खिडकीबाहेर आहेत."

त्यांनी डोक्यावरचं बोलावण्याचं बटण दाबलं आणि नेमक्या मोठ्या मॅडमच आल्या. त्यांनी नम्रपणे फोन मागितला. आता नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून दिला. आजचे फोटो संपले तशी त्यांची बोटं मागं सरकली. राणी जत्रेत, राणी कॉलेजच्या दारात, राणी स्कूटीवर. मॅडमचा चेहरा बघता बघता कडक झाला.

"तुम्ही या मुलीच्या किती दिवस मागावर आहात?"

खरं सांगावं तर पोरीची परीक्षा जाते, न सांगावं तर माझी अब्रू जाते. मी अब्रूवर पाणी सोडलं.

"मी त्यांना ओळखत न्हाई," मी ठाम सांगितलं.

"मग दिल्लीत उतरल्यावर पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलवा की."

तोवर काहीतरी गडबड आहे हे बघून राणी धावत आली. "मॅडम, काय झालं? हे माझे वडील आहेत."

"त्या खोटं बोलतायत," मी म्हणालो.

"आबा!"

"ताई, तुमी मधे पडू नका. तुमी तुमचं काम करा."

आता सगळं विमान वळून बघत होतं. मॅडम कधी तिच्याकडं बघत, कधी माझ्याकडं. नाक दोघांचं एकच, पण ते त्यांच्या ध्यानात येईना. तेवढ्यात अंबू जागी झाली. तिनं एका कानातला बोळा काढला आणि म्हणाली, "राणे, सकाळपास्नं काय खाल्लंस का न्हाई? आवं, तिला उभी काय करून ठेवलीया?"

मॅडमनी फोन माझ्या हातात दिला आणि ओठ दाबून हसू आवरलं. मागच्या रांगेत कुणालाच ते आवरता आलं नाही. चष्मेवाल्यांनी तर माझे हात धरून माफी मागितली आणि आम्हा तिघांचा फोटो त्यांनीच काढून दिला.

"काका, नातेवाईक विमानात असायला कसलीच बंदी नाही," मॅडम म्हणाल्या. "मग ओळखत नाही असं का म्हणालात?"

"लय ओळख दाखवू नका, असं हिनंच सांगितलंवतं."

"आबा, मधल्या वाटेत उभं राहून गप्पा मारू नका, एवढंच म्हणायचं हुतं मला," राणी कपाळाला हात लावून म्हणाली.

दिल्लीला उतरल्यावर सामान घेत होतो, तोच राणी धापा टाकत आली. पास झाली होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तर डोळे भरून आले. मग विचारलं, "मॅडम आणि काय म्हणाल्या?"

"काम चांगलं हाय म्हणाल्या. फकस्त प्रवाशांना सूचना नीट समजतील अशा द्यायला शिक, म्हणाल्या."

"बघा," अंबू म्हणाली, "पोरीचा एवढा एक मार्क गेला, आणि सूचना न समजलेला प्रवासी कोण, तर तिचा बाप."