दुसरी सीडी

सिनेमाच्या दोन सीड्या म्हणून मी दुकानातून पहिलीच सीडी दोनदा भाड्यानं घेऊन आलो. पाकिटांवर एक आणि दोन असं स्वच्छ लिहिलं होतं; आत काय आहे ते बघायची पद्धत आमच्या घराण्यात नाही.

दुसऱ्या कुणापुढं हे खपलं असतं. समोर बसले होते शेजारचे तात्या, मुदतीआधी नोकरी सोडलेले फौजदार. आमच्या सातपूरच्या कॉलनीत कुणाची चप्पल गेली तरी तात्या पंचनामा लिहीत आणि पंच म्हणून सहीला मला बोलावत. "डावी चप्पल, अंगठा झिजलेला. कर सही." एकदा सही करून मी विचारलं, चप्पल कुणाची? म्हणाले, "तुझी."

सिनेमात ते दहाव्या मिनिटाला खुनी सांगत आणि मग तपासातल्या चुका काढत बसत. "प्रेताला हात लावला. नोंद घे."

या सिनेमात नोकरी सोडलेला, दारूत बुडालेला एक तपास अधिकारी हरवलेली शाळकरी मुलगी शोधत फिरतो. तात्यांनी एकही नोंद घेतली नाही. पहिली सीडी संपली तेव्हा तो एका बंद दारासमोर उभा होता. दुसरी लावली, तर पुन्हा सुरुवातीपासून दाढी करायला लागला.

"पंच फितूर," म्हणून तात्या उठले.

खरी दुसरी सीडी भलत्याच गिऱ्हाइकाकडे गेली होती. तात्या रोज सकाळी कुंपणावरून विचारत, "पोरगी सापडली का रे?" चौथ्या दिवशी मला थट्टा सुचली. "सापडली, तात्या. विहिरीत. खून दूधवाल्यानं केला."

वाटलं, वाद घालतील. ते वळून घरात गेले.

दुपारी तात्यांकडच्या काकू आल्या. "जेवले नाहीत ते. काय बोललास?" मग त्यांनीच सांगितलं. मनमाड स्टेशनातून एक पोर हरवली होती, ती तात्यांची शेवटची केस. सापडली नाही, म्हणून नोकरी सोडली. "दहा वर्षं झाली. दर मंगळवारी तिच्या आईला भेटून येतात. आधी तासभर स्टेशनात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे बघतात."

संध्याकाळपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसून मी दुसरी सीडी मिळवली. या वेळी पाकीट उघडून बघितलं, दोनदा. सकाळी तात्यांकडं गेलो.

"तात्या, मी खोटं बोललो. शेवट मला माहीतच नव्हता."

"ठाऊक आहे. खोटं बोलताना तू कान खाजवतोस."

"मग जेवला का नाहीत?"

तात्या पिशवीत चिवड्याचा पुडा आणि तपासाची जुनी वही भरत होते.

"सीडी लावू?"

"राहू दे. आज मंगळवार आहे."

"मी येऊ? पंच म्हणून."

त्यांनी माझ्याकडं पायापासून वर पाहिलं. "चल. पण तिथं गप्प बसायचं. तुला स्वतःची चप्पल ओळखता येत नाही, तू पोर काय ओळखणार."