लाल बटणाची संभाव्यता

अहो गणिताचं पुस्तक काढणारे साहेब, तुम्ही मला फसवलंत. 'एका पिशवीत पाच पांढरे आणि एक लाल चेंडू आहे,' असं बिनधास्त लिहून मोकळे होता. कधी पिशवीत डोकावून पाहिलंत?

मी शाळा सातवीत सोडली. संभाव्यता शिकलो ती मुलीच्या पुस्तकातून, तिलाच शिकवता शिकवता. त्यामुळे शनिवारच्या रजेचा प्रश्न आला तेव्हा आमच्या बटणांच्या कारखान्यात माझ्याइतका तयार माणूस दुसरा नव्हता.

ऑर्डर मोठी, रजा एकालाच, मागणारे सहा. मला मुलीच्या शर्यतीला जायचं होतं. मागच्या शर्यतीला 'नक्की येतो' म्हणालो आणि मशीनवरच अडकलो. मुकादम म्हणाला, "डब्यात सहा बटणं टाकतो, पाच पांढरी, एक लाल. लाल ज्याला, रजा त्याला."

झालं. पहिला हात कोणाचा, यावरून जुंपली. डबा या हातातून त्या हातात.

"थांबा," मी म्हणालो. "पहिलं काढा नाहीतर शेवटचं, प्रत्येकाची संभाव्यता एक छेद सहा. सगळ्यांना सारखीच संधी."

"मग तू काढ की शेवटी," पॅकिंगच्या मावशी म्हणाल्या.

"काढतो."

"नंतर रडायचं नाही हं."

मावशींचं पांढरं निघालं. रंगाच्या टाकीवरच्या दाढीवाल्याने डोळे मिटून बटणं चाचपली, हुंगायचंच काय ते बाकी ठेवलं. पांढरं. पुढचं पांढरं, त्याच्या पुढचंही. पाचवं पांढरं निघालं तेव्हा माझी छाती इतकी फुगली, की शर्टाचं बटण तुटायला आलं.

"मेल्या, डबा मंतरलास की काय?" मावशी म्हणाल्या.

"गणित आहे, मावशी. आता संभाव्यता एक. म्हणजे खात्री. हात घालायचीसुद्धा गरज नाही."

आणि घातलाच नाही. आधी घरी फोन लावला.

"शनिवारी येतोय मी."

"बाबा, नक्की? की मागच्यासारखं नक्की?"

"या वेळी गणिताने नक्की."

तिकडे तिने ओरडून अख्खा जिना गोळा केला. इकडे मी ऐटीत हात घातला.

पांढरं.

डबा उलटा केला. आपटला. झाकण चाचपलं. "लाल कुठाय?"

मुकादम चहा ढवळत होता. "लाल टाकलं असतं तर एक माणूस कमी पडला असता. ऑर्डर मोठी आहे रे."

"मग हा तमाशा कशाला?"

"सगळ्यांना सारखी संधी, तूच म्हणालास ना? सारखीच होती."

मला वाटलं, आता सगळे मुकादमावर तुटून पडतील. मावशी वळल्या माझ्याकडे. "याने मध्ये गणित घातलं नसतं, तर ओढाताणीत डबा सांडला असता. तेव्हाच कळलं असतं सगळं."

"शिकलेल्यांच्या नादी लागू नये," दाढीवाला म्हणाला. मला. सातवीत शाळा सोडलेल्याला.

तर साहेब, हात घालणाऱ्यांची संभाव्यता तुम्ही पानोपानी काढता. डबा भरणाऱ्याची कितव्या पानावर आहे? शनिवारी मी मैदानावर असणार, रजा असो वा नसो. पोरीला खात्री दिली आहे, तीही तुमच्या पुस्तकाच्या भरवशावर. सोमवारी माझी नोकरी शिल्लक असण्याची संभाव्यता किती?

उत्तर पाठवा. पायऱ्यांसकट.